एझरा, दहावा शब्द तुझा होता

एझरा,

मी चिडलेलो आहे. यात तुला नवीन काही वाटणार नाही. "जाधव बसमध्ये चढताना चिडलेला असतो आणि उतरताना दमलेला, मधल्या वेळात काय होतं ते मला विचारा," असं तूच सगळ्या कारखान्याला सांगत फिरायचास. पण आजवर मी चिडायचो ते तुझ्यावर, आणि तू खिडकीकडच्या जागेवर बसून सगळं निवांत ऐकून घ्यायचास. आता तू नाहीस आणि राग मात्र होता तसाच आहे. तो कुठे ठेवायचा ते मला कळत नाही.

साधा ताप आला होता तुला. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला अंग गरम लागलं तर त्यात काय, असं म्हणून तू शिफ्ट पुरी केलीस. मग डेंग्यू निघाला, मग रक्तातल्या त्या प्लेटलेट्स की काय त्या खाली यायला लागल्या, आणि आठवडा संपायच्या आत तू संपलास. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, मी तिथेच होतो. भांडायलासुद्धा कोणी सापडलं नाही बघ. पस्तिशी गाठली नव्हतीस लेका.

आणि तेव्हापासून जो भेटतो तो एकच वाक्य बोलतो. हॉस्पिटलमध्ये, दफनभूमीच्या फाटकावर, लिफ्टमध्ये. "लाइफ सो शॉर्ट, सार." पर्सोनेलवाल्याने तर माझा हात हातात घेऊन सांगितलं, जणू काही ही बातमी त्याला आत्ताच फोनवर कळली होती. मी हात सोडवून घेतला. आयुष्य छोटं असतं म्हणे. असतं म्हणजे काय? ही काय हवामानाची बातमी आहे? कोणीतरी ते छोटं केलं, त्याचं काय? एखादा माणूस पाडला गेला तर "जमीन फार जवळ असते हो" असं म्हणतात का लोक?

पण मग मला आठवलं की हेच वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा तुझ्याच तोंडून ऐकलंय. गाऊन. चालीत. म्हणून हा राग पहिल्यांदा तुझ्यावरच काढतो.

आपलं कामच मुळी भांडणाचं होतं. ट्रकखाली लागणारे कमानपाटे तू भट्टीत लाल करायचास, तेलात बुडवून कडक करायचास, आणि मग ते माझ्या यंत्रावर यायचे. माझं यंत्र त्यांना वरखाली दाबत राहायचं, तुटेपर्यंत. तू घडवायचास आणि मी मोडायचो. पाटा वेळेच्या आधी तुटला की मी तुटलेला तुकडा हातात घेऊन तुझ्या भट्टीवर यायचो आणि सगळ्यांसमोर तुला झापायचो. तू तुकड्याची तुटलेली बाजू उजेडात धरून बघायचास आणि म्हणायचास, "थकला रे तो. शनिवारी तरी बंद ठेवत जा तुझं यंत्र."

शनिवार! पहिल्या महिन्यातच मी तुला विचारलं होतं की हा माणूस रविवारी कामावर येतो आणि शनिवारी गायब कसा होतो. तू सांगितलंस, आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी, अलिबागेकडचे. गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण आमचे घाणे शनिवारी बंद. "माझा पणजोबा शनिवारी घाण्याचा बैलसुद्धा सोडायचा. आणि मी बघ, अजून तेलातच आहे," असं म्हणून तू क्वेंचिंगच्या तेलाच्या टाकीकडे बोट दाखवलंस आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसलास की टाकीवरचा पोरगेला ऑपरेटर घाबरून मागे सरला. मी सांगलीचा. यहुदी म्हणजे परदेशातले, लांब दाढीवाले, एवढंच मला माहीत. माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारा, आमटीत कोकमाऐवजी चिंच घालतात म्हणून चेन्नईच्या नावाने बोटं मोडणारा यहुदी मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्या वर्षी मला तमिळचं अक्षर येत नव्हतं. सकाळी अण्णा नगरला कंपनीची बस कुठे उभी राहते ते तू दाखवलंस, खोली तुझ्यासोबत दिलीस, ताकभात कसा मागायचा ते शिकवलंस. माझे वडील गेले तेव्हा एग्मोर स्टेशनवर मला गाडीत बसवायला आलास आणि गाडी सुटताना स्वतःही चढलास. बिनतिकीट. टीसीशी तमिळमध्ये काय बोललास देव जाणे, पण सांगलीपर्यंत माझ्याशेजारी बसून आलास आणि वाटेत एक शब्द बोलला नाहीस. तुझ्यासारख्या बडबड्या माणसाला ते किती अवघड गेलं असेल हे मला आत्ता, इथे बसून कळतंय. तेव्हा आभार मानायचं सुचलं नाही. आता मानतो, पण चिडूनच मानतो.

मग तो नव्याचा सण. तुमचं नवं वर्ष. पावसाळा सरता सरता तू रजा घ्यायचास, नारळाच्या दुधातला, गव्हाच्या चिकाचा हलवा करायचास, वड्या पाडायचास, आणि पांढरा सदरा घालून एकटाच खोलीत उभा राहून हिब्रूत गायचास. चाल इतकी गोड असायची की मी हलवा खाता खाता मान डोलवायचो. एका वर्षी मी विचारलं, "अर्थ काय रे?" तू सांगायला लागलास. माणूस गवत आहे, सकाळी हिरवं, संध्याकाळी वाळलेलं. माणूस सरकती सावली आहे. माणूस म्हणजे नुसता फुंकलेला श्वास. माझा घास तोंडातच राहिला.

"सणासुदीला मरणाची गाणी म्हणतोस?" मी ओरडलो. "आमच्यात पाडव्याला गुढी उभारतात. तुम्ही काय, वर्ष सुरू व्हायच्या आधीच हिशेब संपवता?"

"आमच्यात वर्षाच्या पहिल्याच दिवशी वरती निकाल लागतो," तू म्हणालास. "कोण राहणार, कोण जाणार. मग त्या दिवशी हेच नाही का बोलणार?"

"पण हे असं बोलायचं? गवत, सावली, श्वास? अरे, माणसाने स्वतःची इतकी किंमत कमी करून घ्यायची? ही लाचारी झाली."

तू हसलास. "अर्धंच ऐकतोस तू, जाधव. कोणाशी बोलतोय ते बघ."

त्यानंतर किती दिवस हा एकच विषय चालला होता, आठवतंय? बसमध्ये बसल्यापासून गुम्मिडिपूंडीचा कारखाना येईपर्यंत. तू म्हणालास, हिब्रू तुला कळत नाही म्हणून तुला चव कळत नाही, मी मराठीत करतो. घरी तुझे आजोबा सणाला मराठी ओव्यांमधून देवाची कथा सांगायचे, ती चाल तुझ्या कानात होतीच. तू रोज एक ओळ जुळवायचास, मी रोज ती मोडायचो. तुझ्या पाट्यांसारखीच. शेवटी जे उरलं ते मला पाठ आहे:

गवत आम्ही तुझ्या दारी,
सकाळची हिरवळ सारी,
दुपारी वाळते बिचारी,
विळा कशाला काढतोस?

सावली आम्ही, तूच भिंत,
ऊन कलता आमचा अंत,
तुला काळाची ना खंत,
मग घाई कसली रे?

"बिचारी" शब्दावरून मी तुझ्याशी आठवडाभर भांडलो. मला तो रडका वाटायचा. ड्रायव्हर सेल्वमला आपल्या बोलण्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण सिग्नलला थांबला की आरशातून आपल्याकडे बघून हसायचा. मागच्या सीटवरची झोपू इच्छिणारी मंडळी "सार, प्लीज" म्हणायची. तू आवाज खाली घ्यायचास, मी नाही.

मग एक दिवस तू विचारलंस, "पाटा लवकर तुटला तर तू पाट्याला बोलतोस का?"

"पाट्याला कशाला बोलू? तुझ्या भट्टीवर येतो."

"आणि?"

"झापतो."

"मग हेच तर आहे. म्हण एकदा मोठ्याने, म्हणजे कळेल."

मी म्हटलं, मी असलं काही म्हणणार नाही. ज्याच्यापुढे गवत व्हायचं, त्याच्याशी मला बोलायचंच नाही. तू खिडकीबाहेर बघून म्हणालास, "बरं. कधीतरी म्हणशील." हे तुझं "कधीतरी" मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

आता परवाचं सांगतो. तू नव्हतास असं म्हणता येणार नाही, पण तुला काही बोलता येत नव्हतं, म्हणून सांगतो.

तुझी आई आणि बिन्यामिनमामा सकाळच्या विमानाने आले. मामांनी मुंबईतून चारजण सोबत आणले होते. बायका दफनभूमीत येत नाहीत असं कोणीतरी म्हणालं, त्यावर तुझ्या आई म्हणाल्या, "मी आल्ये ती विमानतळ बघायला नाय," आणि गाडीत बसल्या. तुमची ती शहरातली लहानशी जुनी दफनभूमी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. एका बाजूला गजबजलेला रस्ता, आत कडुनिंब आणि हिब्रू कोरलेले मोजके दगड. कारखान्यातून सेल्वम बस भरून माणसं घेऊन आला होता. भट्टीच्या दोन्ही शिफ्ट, माझा विभाग, कँटीनवाले. फाटकापर्यंत माणसंच माणसं.

आणि मग आपली मराठी मंडळी आली. ज्यांच्या गणपतीत तू दरवर्षी ढोलकी वाजवायचास, तीच. देशपांडेकाका सगळ्यात पुढे, डोळे पुसत, आणि त्यांच्या हातात पुरुषभर उंचीचा, पांढऱ्या शेवंतीचा क्रूस.

मला वाटलं, मी तिथेच कोणाचा तरी जीव घेतो. "काका, हे काय?"

"अरे, त्यांच्यात असतो ना," काका हळूच म्हणाले. "फुलवाल्याला एझरा नाव सांगितलं, तो म्हणाला मग हाच लागतो. आम्ही सगळ्यांनी मिळून..."

"तो ख्रिश्चन नव्हता! तुमच्या शेजारी बसून इतकी वर्षं मोदक खाल्ले त्याने, एकदा तरी विचारायचं होतंत!"

काकांचं तोंड एवढंसं झालं. मी आणखी बोलणार होतो, माझ्याकडे पुष्कळ शिल्लक होतं, पण तुझ्या आई पुढे आल्या आणि त्यांनी तो क्रूस हातात घेतला. "फुलं ताजी आहेत," त्या म्हणाल्या. "आमच्या गावचा पोस्टमन तीस वर्षं मला नाताळचा केक मागतो. दर वर्षी मी त्याला हलवा देत्ये." मग खाली बसून त्यांनी काड्यांमधून शेवंती सोडवायला सुरुवात केली. काकाही धोतर सावरून बसले. दोघांनी मिळून क्रूस पूर्ण मोकळा केला आणि फुलांचा नुसता ढीग राहिला. काका रडत होते. मी नव्हतो रडत, मला राग येत होता.

खरा राग तर पुढेच होता. मामा आपल्या माणसांसमोर उभे राहून हिब्रूत एक वाक्य म्हणायला लागले. एकेक शब्द, सावकाश, आणि प्रत्येक शब्दाला एकेका माणसाकडे बघायचे. स्वतःपासून सुरुवात केली. मग मुंबईचे चौघे. मग फोनाफोनी करून सापडलेले चौघे: बंदराच्या कामावर आलेला एक परदेशी इंजिनियर, त्याचा मुलगा, एक हिऱ्यांचा व्यापारी, आणि हॉटेलातून सरळ आलेला एक पाहुणा. तिथे मामा थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. पुन्हा तिथेच थांबले.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत," मामा म्हणाले. "मोजली की दृष्ट लागते म्हणतात. म्हणून दहा शब्दांचं वाक्य म्हणायचं, माणसागणिक एक शब्द. कद्दीशला दहा यहुदी पुरुष लागतात, बाळा. मागे राहिलेल्याने म्हणायची प्रार्थना ती, तुझ्या मित्रासाठी मी म्हणणार होतो. एक शब्द उरतोय."

चेन्नईतला दहावा कोण, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो पांढऱ्या कापडात गुंडाळलेला समोरच होता.

"मला धरा," मी म्हटलं.

"नाय चालत रे."

"का नाही चालत? एकाच खोलीत राहिलो आम्ही. तिकडे बघा मामा, फाटकापर्यंत माणसं उभी आहेत, आणि तुम्ही म्हणता माणसं कमी पडली? कारखाना बंद ठेवून आलेत हे लोक! एका शब्दासाठी तुम्ही त्याला प्रार्थनेशिवाय पुरणार?"

मामांनी माझ्याकडे रागाने नाही पाहिलं, हे सगळ्यात वाईट. थकलेल्या आवाजात म्हणाले, "नियम मी केला असता तर तुला धरला असता. बाकीचं सगळं म्हणू, कद्दीश ठाण्याला गेल्यावर आमच्या देवळात म्हणू. पण इथे, आत्ता, नाय."

एझरा, मला वाटलं होतं की मरणापेक्षा जास्त अन्याय होऊच शकत नाही. त्या क्षणी तो झाला. तुझ्यासाठी शंभरएक माणसं उन्हात उभी होती आणि एक वाक्य एका शब्दाने अपुरं पडलं म्हणून तुझ्या वाट्याची प्रार्थना तुला मिळत नव्हती.

तेव्हा तुझ्या आई उठल्या. हाताला शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या. म्हणाल्या, "मग एझराच्या ओव्या म्हणा. त्यांना काय दहा लागत नाय."

"मला येत नाहीत गं त्या," मामा म्हणाले.

"ह्याला येतात." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "दर शनवारी रात्री फोनवर सांगायचा. आज जाधवाने ही ओळ मोडली, आज ती मोडली. म्हणायचा, आई, माझी एवढी काळजी कोण घेत नाय इथे. म्हण रे बाबा."

आईंनी सांगितल्यावर नाही कसं म्हणणार? मी पुढे झालो. तुझ्यापुढे उभा राहिलो. मला चाल येत नाही, तुला माहीत आहे, मी नुसता बोलायला लागलो. गवत आम्ही तुझ्या दारी. दुसऱ्या ओळीपासून आवाज चढला. "विळा कशाला काढतोस?" आलं तेव्हा मी काही म्हणत नव्हतो, विचारत होतो. वर बघून विचारत होतो, तुटलेला तुकडा हातात घेऊन तुझ्या भट्टीवर यायचो तसा. "तुला काळाची ना खंत, मग घाई कसली रे?" मी ओरडलो, एझरा. रस्त्यावरचा एक रिक्षावाला थांबून आत बघायला लागला. अनंत काळ पडलाय तुझ्यापाशी, मग ह्याची पस्तिशीसुद्धा बघवली नाही? घाई कसली? सांग ना!

लाचारी कसली रे? ही तर साधी सरळ हजेरी घेतलीय. गवत आहोत, कबूल, सावली आहोत, तेही कबूल. पण हे ज्याने केलं त्याच्या भट्टीवर जाऊन त्याला सगळ्यांसमोर विचारायचं आहे. तू मला इतके महिने हेच सांगत होतास आणि मी "बिचारी" शब्दावर अडून बसलो होतो. आता तो शब्द राहू दे. बरोबर आहे तो.

मी थांबलो. मामा म्हणाले, "एवढं रागावून नसतं म्हणायचं, बाळा."

तुझ्या आई म्हणाल्या, "राहू दे. असंच म्हणायचं असतं. माझे वडील असेच म्हणायचे."

मग माती दिली. ती मात्र सगळ्यांनी दिली, त्याला कोणी मोजलं नाही.

खोलीत तुझा पांढरा सदरा दोरीवर तसाच आहे. आई म्हणाल्या, तुझ्याकडेच ठेव. मामांशी मी अजून पूर्ण बोललेलो नाही, पण त्यांनी ठाण्याला पोचल्यावर फोन केला होता. संध्याकाळी देवळात वाक्य पुरं झालं म्हणाले, माणसं उलट जास्तच झाली, आणि त्यांनी तुझ्यासाठी कद्दीश म्हटलं. मी "बरं" म्हटलं. जे काम इथे अडलं ते तिथे पुरं झालं, याचं मला समाधान वाटायला हवं होतं. थोडं वाटलं. फार नाही.

एक भांडण तेवढं राहिलं आपलं. तापाच्या आदल्या दिवशी मी म्हटलं होतं की तुझ्या ओव्यांना शेवट नाही. दोन प्रश्न विचारून थांबतोस, तिसरीत त्याने उत्तर द्यायला हवं. तू म्हणालास, "तो देत नाही रे उत्तर. दिलं असतं तर एकदाच म्हणून झालं नसतं का? माझ्या पणजोबाने कशाला म्हटलं असतं, आजोबाने कशाला?" मी यावर काहीतरी जोरदार बोलणार होतो, तेवढ्यात बस गुम्मिडिपूंडीला पोचली आणि तू उतरून भट्टीकडे गेलास. काय बोलणार होतो ते आता आठवत नाही. पण तुझं बरोबर होतं असं वाटतंय. माणसांची आयुष्यं आखूडच निघतात, म्हणून तक्रार एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायची असते. मला ती दिलीस तेव्हा विचारलं नाहीस, हे मात्र मी लक्षात ठेवणार आहे.

आज पहिल्यांदा कामावर गेलो. बसमध्ये तुझ्या जागेवर, खिडकीकडे बसलो. मागे आज कोणी झोपलेलं नव्हतं. सिग्नलला सेल्वमने आरशातून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "सण्डै मुडिञ्जुदा, सार?" भांडण संपलं का.

"इल्ल," मी म्हटलं. "इप्पदान् आरंबिच्चिरुक्कु."

नाही म्हटलं. आत्ता कुठे सुरू झालंय. आणि खिडकीतून वर बघून, मागच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, पहिल्या ओळीपासून म्हणायला लागलो.